देवाकडं वळणारा ट्रॅक्टर

आमचा ट्रॅक्टर देवाकडं वळायचा, असं आमच्या गावात अजून सांगतात. खोटं आहे. तो उजवीकडं वळायचा. देव उजवीकडं होता, त्याला आम्ही काय करणार?

आता मी कसबा बावड्यात राहते. हंगाम सुरू झाला की घरासमोरून उसाच्या ट्रॉल्या जातात, गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली असतात की कपाटातली भांडी वाजतात. कुणी करकचून ब्रेक मारला की बाकीचे ड्रायव्हरला शिव्या घालतात आणि मी मागच्या चाकांकडं बघते. दोन्ही एकदम थांबली का एक मागं राहिलं, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सवय आहे, जात नाही. आणि गावाकडचं कुणी पाहुणं चहाला बसलं, चहा अर्धा झाला, की हमखास निघतंच, 'तुमच्या ट्रॅक्टराला देवानं वळवून घेतलं होतं न्हवं?' म्हणून एकदा नीट सांगून टाकते. कुणाला पटो न पटो.

ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात. उजव्या पायाखाली, शेजारी शेजारी. एक मागच्या डाव्या चाकाचं, एक उजव्या चाकाचं. रानात बांधाला आलं की एकच दाबायचं, म्हणजे ते चाक जागेवर थांबतं आणि ट्रॅक्टर तेवढ्या जागेत फिरतो. रस्त्याला लागलं की दोन्ही पेडलं एका लोखंडी पट्टीनं जोडायची, म्हणजे पाय एक आणि ब्रेक दोन्हीकडं. एवढंच शास्त्र आहे. पण ही पट्टी लावली तरी दोन्ही ब्रेक सारखे लागलेले नसतील तर जो आधी धरतो तो ट्रॅक्टरला आपल्याकडं ओढतो. ह्या एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या घरादाराची लाज गावानं चव्हाट्यावर आणली होती.

आमचं गाव पेठ वडगावच्या बाजूला. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं सायकलचं दुकान होतं. भाड्यानं सायकली, पंक्चर, चाकाचा आऊट काढणं. शाळेतून आले की मी दप्तर टाकून दुकानात बसायचे. चाक उलटं करून फिरवायचं, कुठं घासतंय ते कानानं ऐकायचं, तिथला स्पोक आवळायचा, समोरचा सैल करायचा. ब्रेकचं रबर एका बाजूनं घासलं की मागंपुढं करून मधोमध आणायचं. पोरीच्या जातीनं हे काय करायचं, असं म्हणणारे होतेच. त्यांच्याच सायकली मी नीट केलेल्या आहेत.

नव्वद सालानंतर जो तो मोपेडवर फिरायला लागला. भाड्याची सायकल कोण घेणार? आप्पांनी दुकान मोडलं आणि ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. नवा नाही, जुना. आमच्या गावात ज्यांना सगळे 'मालक' म्हणायचे त्यांच्या दारात एक लाल ट्रॅक्टर होता, त्यांनी नवा आणला म्हणून तो विकायला काढला. व्यवहार रोखीनं झाला, कागद झाले, ट्रॅक्टर आमच्या दारात आला. आमच्या वस्तीतला तो पहिला ट्रॅक्टर. पोरं चाकांना हात लावून बघत होती. आप्पांनी भिंतीवरच्या दोन तसबिरींना हार घातला, सगळ्यांना पेढे वाटले, आणि घरातून कात्री आणली.

कात्री कशाला, तर ट्रॅक्टरच्या पुढं लिंबू-मिरची आणि एक काळी बाहुली लटकत होती, ती कापायला. छप्पन साली माझ्या आज्जीनं घरातले देव पंचगंगेत सोडले होते आणि मागं वळून बघितलं नव्हतं. त्या घरात लिंबू लटकवून ठेवायचं, हे आप्पांना जमणारं नव्हतं. त्यांनी भांडण केलं नाही, कुणाला शिकवायला गेले नाहीत. आपल्या वस्तूवरचं आपण कापलं, एवढंच. पण मालकांचा जुना ड्रायव्हर ट्रॅक्टर सोडायला आला होता, त्यानं ते बघितलं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आली. गावात सगळ्या गाड्यांना हार, नारळ, चाकाखाली लिंबू. आमचा ट्रॅक्टर धुतलेला, पुसलेला, पण चाकाखाली लिंबू नाही. येणारंजाणारं विचारायचं, "लिंबू न्हाय दिलं?" आप्पा म्हणायचे, "सरबत केलं." मला हसू यायचं, आईला यायचं नाही.

आणि दसरा झाल्यावर तो प्रकार झाला. आप्पा ट्रॉलीत शेणखत भरून गावातून येत होते. गावाच्या मधोमध एक उतार आहे. उताराच्या पायथ्याला उजव्या हाताला गावदेवाचं देऊळ आणि डाव्या हाताला दूध डेअरी. डेअरीवर त्या वेळी माणसं किटल्या घेऊन उभी असतात. समोर म्हैस आली म्हणून आप्पांनी ब्रेक मारला, तर ट्रॅक्टर थांबता थांबता उजवीकडं गेला आणि पुढचं चाक देवळाच्या पायरीला टेकलं. कुणाला लागलं नाही, पायरीचा टवकासुद्धा उडाला नाही. पण डेअरीवरच्या माणसांतला एकजण म्हणाला, "मागून घेतलं की हो देवानं."

झालं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. चार दिवसांनी परत तसंच झालं, त्याच उतारावर. आता तिथंच व्हायचं, कारण आमच्या वाटेवर जोरात ब्रेक मारायची जागा तेवढी एकच होती. सपाटीला ट्रॅक्टर बैलासारखा चालायचा, हळूच पाय ठेवला की थांबायचा. पण हे ऐकून कोण घेणार? ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. लिंबू कापलं, नारळ दिला नाही, म्हणून देव ट्रॅक्टरला कानाला धरून दारात आणतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, दुसरं काय.

आप्पांनी ट्रॅक्टर वडगावला मिस्त्रीकडं नेला. मीही गेले होते. मिस्त्रीनं आपल्या आवारात दोन फेऱ्या मारल्या, सावकाश. आवार कसलं, चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. मग खाली उतरून हात पुसत म्हणाला, "ब्रेक चांगला हाय. कुणाचं काय ऱ्हायलं असंल तर देऊन टाका, पावणं." आप्पांनी त्याचा चहासुद्धा घेतला नाही. 

खरी पंचाईत पुढं होती. आप्पांनी त्या हंगामात ऊसवाहतूक धरली होती. बीडकडची ऊसतोड्यांची टोळी आली, त्यांच्या खोप्या उभ्या राहिल्या, फडाला कोयता लागायची वेळ झाली. टोळीचा मुकादम शहाणा माणूस होता, कमी बोलायचा. त्यानं गावात ऐकलं आणि घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "दादा, देवाचं मला काही माहीत नाही. पण आमच्या बायका, लेकरं ट्रॉलीवर बसून जातेत. तुमची गाडी वळती का नाही वळत, तेवढं सांगा."

आप्पा म्हणाले, "वळतीया."

"मग मी माणसं बसवणार नाही," मुकादम म्हणाला. त्याचा मला राग आला नाही. सगळ्या गावात तोच एक गाडीबद्दल बोलला होता.

टोळीनं ट्रॉली भरली नाही तर ट्रॅक्टर हंगामभर दारात उभा राहणार होता. तेवढ्याचीच वाट बघत बसल्यासारखे मालक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. घरात आले नाहीत, रस्त्यावरच उभे राहून आप्पांना हाक मारली. म्हणाले, "उगं कशाला अंगावर घेतोयास? परत आणून लाव. आमच्या दारात हुता तवर सरळ चालत हुता न्हवं आमचा ट्रॅक्टर? न्हायतर येत्या बाजारादिवशी नारळ फोड, लिंबू दे, चार माणसांसमोर चुकलो म्हण. इषय मिटला."

इथंच माझं डोकं फिरलं. 'आमचा ट्रॅक्टर.' कागद आमच्या पेटीत आणि ट्रॅक्टर ह्यांचा. लिंबाचं निमित्त होतं हो. आमच्या वस्तीत, आमच्या दारात तो उभा राहिलेला बघवत नव्हता, हे खरं दुखणं. देवावर माझा राग तेव्हाही नव्हता, आजही नाही. त्या बिचाऱ्यानं आमचं काही वाकडं केलं नव्हतं. पण देवाच्या आडून बोलणाऱ्यांचा राग यायचा, तो अजून येतो.

आप्पा म्हणाले, "बाजारादिवशी मी तिथं येतो, मालक. नारळ आणत न्हाय. ट्रॅक्टर आणतो." मालक हसले आणि गेले.

घरात आल्यावर आप्पा कॉटवर बसून राहिले. बोलून तर गेले होते, पण बाजार दोन दिवसांवर आला होता आणि ब्रेकचं काय करायचं हे त्यांना कुठं माहीत होतं? सायकल त्यांनी उलटी-पालटी केली असती. ट्रॅक्टरला मात्र ते भीत होते. एवढी मोठी वस्तू, जन्मात पहिल्यांदा घेतलेली. बॉनेट पुसतानासुद्धा हळू हात फिरवायचे.

त्याच दिवशी दुपारी मी ट्रॅक्टर पुसायला गेले तर सीटच्या खाली, आतल्या बाजूला, सुतळीला काहीतरी बांधलेलं हाताला लागलं. लिंबू. ताजं. शेजारी दोन मिरच्या. आमच्या घरात हे काम करणारं माणूस एकच होतं. मी लिंबू घेऊन आत गेले आणि ते मधोमध जमिनीवर ठेवलं.

आई शिलाई मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला. आप्पांकडं बघितलं नाही, लिंबाकडं बघितलं, आणि म्हणाली, "व्हय, मीच बांधलं. तुम्ही त्यावर बसून जाताय, ही पोरगी मडगार्डवर बसतीया. मला भ्या वाटतंय. तुमच्या अभिमानानं ट्रॅक्टर थांबायचा न्हाय." आणि रडायला लागली. आई रडली की आवाज करत नाही, पदर घेते आणि बसते. मला तिची कीवही आली आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी येतात, आईच्या बाबतीत तरी.

मला वाटलं आप्पा आता तिच्यावर ओरडणार. ओरडले नाहीत. म्हणाले, "भ्यायचं हाय तर भी की. पण ब्रेकला भी. लिंबाला कशाला भितीस?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. ब्रेकला भी. म्हणजे ब्रेककडं बघ. आम्ही तिघांनी, वडगावच्या मिस्त्रीनं आणि सगळ्या गावानं मिळून देवाकडं बघितलं होतं, चाकाकडं कुणी बघितलंच नव्हतं.

"मी बघतो," मी म्हणाले. आमच्याकडं पोरी असंच बोलतात, 'मी येतो, मी करतो.' पुण्यामुंबईच्या लोकांना हसायचं असेल तर खुशाल हसावं.

"काय बघतीस? सायकल हाय व्हय ती?" आप्पा म्हणाले.

"चाकच हाय न्हवं? फिरतंय, आन् कशानं तरी थांबतंय. उजवीकडचं आधी धरतंय म्हणून तिकडं वळतंय. दुसरं काय असणार?"

 आप्पा उठले आणि जॅक आणायला गेले.

ट्रॅक्टर अंगणात सपाटीला घेतला. पुढच्या चाकांना पुढून मागून दगड लावले. मागचा भाग जॅकवर उचलून खाली लाकडाचे ओंडके सरकवले, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवला नाही. मागची दोन्ही चाकं अधांतरी झाली. पेडलं जोडणारी पट्टी सोडली. गिअर न्यूट्रल. आता कुणीतरी वर बसून पेडल दाबायला पाहिजे होतं. चाक फिरवायला जोर लागतो म्हणून आप्पा खाली होते आणि मी पाना घेऊन चाकाच्या आत.

"आई, चढ वर," मी म्हणाले.

"मी? त्यावर?" ती म्हणाली. गल्लीत कुणी बघतंय का बघितलं. मग पदर खोचला आणि मडगार्डला धरून चढली. सीटवर अशी बसली, जणू कुणी आत्ता उठवणार आहे.

मी सांगायचे, "डावं दाब. सोड. उजवं दाब. सोड." पहिल्या दोन-चार वेळेलाच लक्षात आलं. उजवं पेडल थोडं खाली गेलं की उजवं चाक घट्ट. डावं पेडल मात्र खाली जातंय, जातंय, आणि मग कुठं डाव्या चाकाला जाग येतीय. म्हणजे पट्टी लावून दोन्ही एकदम दाबली की उजवं चाक थांबून मोकळं आणि डावं अजून चालतंच आहे. ट्रॅक्टर उजवीकडं फिरणार नाही तर काय करणार? इथं घोडं पेंड खात होतं.

आणि असं का झालं, तेही उमगलं. मालकांचं रान ओढ्याच्या कडेनं लांबलचक आहे. तिथं नांगराच्या गोल फेऱ्या, वळायचं ते कायम डावीकडं. त्यांच्या ड्रायव्हरनं वर्षानुवर्षं डावंच पेडल दाबलेलं. तिकडचं ब्रेकचं लायनर घासून पातळ झालं आणि उजवीकडचं आहे तसं जाड राहिलं. दोन पोरांतल्या एकाकडूनच सगळी कामं करून घ्यावीत, तसलं झालं होतं. आप्पा ऐकून म्हणाले, "लेकी, आपण ह्यांच्या रानातलं वळण इकत घेतलं की."

आवळणं अवघड नव्हतं, चिवट होतं. ब्रेकच्या आतल्या बाजूला एक नट असतो, तो गंजलेला. रॉकेल सोडलं, थांबलो, परत जोर लावला. माझ्या बोटांची सालटं निघाली. नट सुटल्यावर डावी बाजू इतकी आवळली की आप्पांना चाक हलवता येईना, मग थोडी थोडी सैल केली, चाक मोकळं फिरेपर्यंत. कान लावून ऐकायचं, कुठं घासतंय का. सायकलसारखंच. मग उजवीकडं तेच. मग पेडलापासून ब्रेकपर्यंत जी सळई जाते तिचे नट दोन्हीकडं सारखे करायचे, म्हणजे दोन्ही पेडलं सारखीच खाली गेली की धरायला लागतील. आईचा पाय ह्या कामाला नामी निघाला. शिलाई मशीनवर बसणारी बाई ती, प्रत्येक वेळेला अगदी तेवढाच दाब द्यायची. आप्पांनी दाबून बघितलं तर एकदा धसकन, एकदा हळू. मी त्यांना खाली उतरवलं. आई पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी पांदीत नेऊन बघितलं. मातीचा रस्ता, मऊ धूळ. आप्पांनी ट्रॅक्टर पळवला आणि दोन्ही पेडलं एकदम दाबली. मी मागून जाऊन मातीवरचे घसरलेल्या चाकांचे पट्टे बघितले. उजवीकडचा अजून लांब होता. उजवा नट जरासा सैल केला, परत पळवला, परत बघितलं. असं चालू होतं. शेजारच्या रानातली बाई विचारत होती, "काय हरवलंय गं?" शेवटी दोन्ही पट्टे सारखे उमटले, एकाच जागी सुरू होऊन एकाच जागी संपलेले. आप्पा त्या पट्ट्यांच्या मधे उकिडवे बसले. मग म्हणाले, "उद्या बाजार हाय."

बाजारादिवशी उतारावर माणसं होतीच, बातमी गेली होती. मालक डेअरीच्या पायरीवर बसले होते, त्यांच्या शेजारी त्यांचा जुना ड्रायव्हर. देवळाच्या कट्ट्यावर म्हातारी मंडळी. मुकादम त्याच्या दोन माणसांना घेऊन आला होता. आम्ही ट्रॉलीत मुरूम भरून घेतला होता, कारण रिकाम्या ट्रॉलीचं काय कौतुक? मुकादमानं मुरमाकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, आणि गुपचूप ट्रॉलीत चढून बसला. म्हणाला, "चला. बघू मीच." त्याच्या जागी मी असते तर बसले नसते, खरं सांगते.

आई आणि मी उताराच्या खाली उभ्या होतो. आईनं माझा दंड धरला होता, तिची नखं लागत होती. आप्पा वरून आले, उतारावर वेग आला, आणि देवळाच्या समोर त्यांनी ब्रेक दाबला. चाकं घासली, मुरमाची धूळ उडाली, ट्रॅक्टर थांबला. रस्त्याच्या मधोमध. तोंड सरळ पुढं. देऊळ उजवीकडं राहिलं आणि डेअरी डावीकडं. मुकादम उभा राहिला, कपडे झटकले, खाली उतरला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता बोला म्हणावं. आणि खरंच एकजण बोलला. कट्ट्यावरचे एक आजोबा होते, गावात मान होता त्यांना. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बघा. देवानं माफ केलं."

सगळीकडनं "व्हय, व्हय, माफ केलं" सुरू झालं. एकानं तर चप्पल काढून नमस्कार केला. मालकांनी मान हलवली, "कायतरी दिलं असणार गुपचूप."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. दोन दिवस बोटं सोलून घेतली मी, ट्रॅक्टरखाली झोपले मी, आणि माफ केलं देवानं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती? आप्पा खाली उतरत होते, त्यांना म्हटलं, "ट्रॉली सोडा."

"कशाला?"

"सोडा की."

त्यांनी माझं तोंड बघितलं आणि ट्रॉली सोडली. मी पाना काढला. "आई, वर चढ," म्हटलं. ती एवढ्या माणसांत कशी चढणार, पण माझ्या आवाजाला घाबरली असावी, चढली. तिथं रस्त्यावर, सगळ्यांसमोर, मी खाली वाकून डाव्या सळईचा नट आवळायला लागले. "दाब. सोड. दाब." आई वर बसून दाबत होती. माणसं जवळ आली. "ही काय करतीया?" "कुणास ठावं." नट पुरेसा आवळल्यावर आईला उतरवलं आणि आप्पांना म्हटलं, "वरून आणा परत. बिगीबिगी न्हाय, बेतानं."

आप्पांना कळलं होतं. ते वर गेले, वळवून आले, देवळासमोर ब्रेक दाबला. ट्रॅक्टरनं डावीकडं तोंड फिरवलं आणि तो थेट डेअरीच्या पायरीकडं गेला. मालक ताडकन उठून दुधाच्या किटल्यांच्या मागं गेले. चाक पायरीच्या अलीकडं थांबलं.

मी म्हणाले, "आता हा कुणाचा कोप? दुधाचा का मालकांचा?"

आधी मुकादम हसला. मग किटल्यावाली पोरं हसली. मग हसू पसरलं. आजोबांनी हात खाली घेतले. आणि तेवढ्यात मालकांचा तो जुना ड्रायव्हर, भोळा माणूस, आपण काहीतरी चांगलं सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "माझ्या येळंला तर रोज देवाकडं वळायचा की. मी आपलं पाया पडायचो आन् फुडं जायचो."

गाव त्याला फार भाविक समजत होतं. रोज न चुकता देवळाच्या दारात ट्रॅक्टर लावून हात जोडणारा. मालकांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्पच झाला. पण बोलायचं ते बोलून गेला होता.

मुकादम आप्पांना म्हणाला, "सरळ करा आन् उद्या फडावर या."

मी परत पाना घेतला. आई परत वर चढली. ह्या वेळी तिला सांगावं लागलं नाही. दाब, सोड, दाब, सोड. मी नट मोजून मागं घेतला, पेडलं सारखी झाली, पट्टी लावली, उठून हात पुसले. "झालं," म्हटलं.

आई उतरली नाही. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. देवळाच्या कट्ट्यावरची माणसं तिच्यापेक्षा खाली होती, डेअरीच्या पायरीवरची तर फारच खाली. तिला त्या देवळाची पायरी लग्न होऊन आल्यापासून लांबूनच माहीत होती, आणि आता ती त्या पायरीसमोर सगळ्यांच्या वर बसली होती. रस्ता अडला. मागं दुधाच्या सायकली, बाजाराची माणसं, एक बैलगाडी.

मालक म्हणाले, "ए बाई, झालं न्हवं? उतर की आता. माणसं खोळंबल्यात."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. ती आयुष्यात त्यांच्याशी कधी तोंड वर करून बोलली नव्हती. आवाज बारीकच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "खोळंबू द्या की. आमचा ट्रॅक्टर हाय."

मी तिला हात द्यायला पुढं झाले, तर आप्पांनी मला मागं घेतलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बसू दे तिला."

मग आम्ही थांबलो. मुकादम रस्त्याच्या कडेला बसून तंबाखू मळायला लागला. मागचा बैलगाडीवालाही खाली उतरला आणि त्याच्याकडं चुना मागायला गेला. मालक किटल्यांच्या पलीकडं उभे राहून वाट बघत होते आणि आईला काही घाई नव्हती.